सिंगल पीस मिळणार नाही

सुरतेत एक साडी विकत घेणं फार अवघड आहे. साठ घेणं सोपं, सहाशे घेणं त्याहून सोपं. रिंग रोडवरच्या कापड मार्केटांत मजल्यावर मजले चढत जा, दुकानांच्या काचांवर पाटी दिसतेच: ‘सिंगल पीस नहीं मिलेगा’. बस्त्यात एक साडी कमी पडली म्हणून अमळनेरहून आलेली मावशी बरोबर त्या पाटीखाली उभी राहून एका साडीचा भाव विचारते. शेठ हात जोडून सांगतो, “बेन, पूरा सेट लेना पडेगा.” मावशी म्हणते, “माले काय दुकान टाकनं शे?” आणि पुढच्या दुकानात जाऊन तोच प्रश्न विचारते. दोघांचंही बरोबर असतं. मावशीला एका माणसाचा मान करायचा असतो, शेठला अख्खा बिहार नेसवायचा असतो.

कॉम्प्युटरमध्येही हे दोन बाजार आहेत. माउस हा किरकोळ बाजार. एक फाइल उचला, उघडा, काम करा, बंद करा, पुढची उचला. कमांड लाइन हा घाऊक बाजार. काळा पडदा, पांढरी अक्षरं, एक ओळ लिहायची आणि एंटर मारायचा. फोल्डरमध्ये असेल नसेल तो सगळा माल एका हुकमात. पुण्यामुंबईच्या माणसाला ही काळी खिडकी म्हणजे चित्रपटातल्या हॅकरांचं काम वाटतं. सुरतेच्या माणसाला ती चटकन पटते. कमी बोलायचं, एकदम उचलायचं आणि गेलेला माल परत घ्यायचा नाही, हे कमांड लाइनचे तिन्ही नियम रिंग रोडवर फार आधीपासून लागू आहेत.

ही काळी खिडकी साडीच्या धंद्यात शिरली ती फोटोमुळे. साडी साडेपाच मीटर, ब्लाउजपीस ऐंशी सेंटिमीटर, मिळून ६.३० मीटर. हा सगळा ऐवज पाटण्याच्या व्यापाऱ्याला सहा इंची मोबाइलवर दाखवायचा असतो. स्टुडिओतला चांगला कॅमेरा २४ मेगापिक्सेलचा फोटो काढतो, म्हणजे ६०००×४००० ठिपके आणि वजन कित्येक एमबी. तो तसाच धाडला तर पाटणेकराचा मोबाइल मान टाकतो. ॲमेझॉनला फोटोची लांब बाजू निदान १००० ठिपक्यांची असावी लागते, तरच गिऱ्हाइकाला बोटांनी चिमटून मोठं करून पाहता येतं. शिवाय पार्श्वभूमी शुभ्र पांढरी आणि चौकटीचा ८५ टक्के भाग मालाने भरलेला. व्हॉट्सॲपच्या ग्रुपला वेगळं माप, छापील कॅटलॉगला वेगळं, शेठच्या स्वतःच्या वेबसाइटवरच्या बोटाएवढ्या चित्राला आणखी वेगळं. साडीचं माप एकच, फोटोची मापं चार. त्यामुळे ‘फोटो छोटे करणारा’ हा सुरतेत चक्क एक पोटापाण्याचा धंदा आहे.

आणि तो करणारा पुष्कळदा आपला माणूस असतो. सुरत आणि मराठी माणूस म्हटलं की उरलेल्या महाराष्ट्राला १६६४ आणि १६७० ही दोनच सालं आठवतात. त्यानंतरची मंडळी तापी खोऱ्याच्या रेल्वेने, बहुतेक वेळा तिकीट काढून, नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर, धरणगावहून आली, उधना, लिंबायत, पांडेसरा, डिंडोलीत राहिली, आणि लुटीऐवजी पगारावर समाधान मानू लागली. आधीची पिढी लूमवर आणि डाइंगमध्ये गेली. तिची मुलं आता मार्केटच्या पोटमाळ्यावर, एसी नसलेल्या बाजूला, कॉम्प्युटरसमोर बसतात. घरून फोन येतो, “काय करी र्‍हायना रे भाऊ?” पोरगं सांगतं, “फोटू ल्हाना करी र्‍हायनू.” पलीकडे आई गप्प होते. पोराला एवढं शिकवलं ते फोटो लहान करायला, याचा अर्थ तिला लागत नाही. पण पैसे महिन्याला मोठे येतात म्हणून ती पुढे काही विचारत नाही.

या धंद्यातले नवखे लोक ‘पेंट’मध्ये फोटो उघडतात. रिसाइझ, टक्केवारी, ओके, सेव्ह ॲज, नाव, ओके. मग पुढचा फोटो. दोनशे फोटो झाले की मनगट बोलू लागतं. चारशेच्या सुमाराला माणूस तत्त्वज्ञ होतो आणि साडी, माया, संसार यांबद्दल काहीबाही पुटपुटू लागतो. असा माणूस मग एक दिवस कुणाच्या तरी कॉम्प्युटरवर ती काळी खिडकी बघतो. त्यात मित्राने एकच ओळ लिहिलेली असते: मॅजिक मॉग्रिफाय, रिसाइझ ८००×८००, क्वालिटी ८५, पाथ ‘छोटे’, आणि शेवटी तारा-टिंब-जेपीजी. तो तारा म्हणजे ‘जे असतील ते सगळे’. व्याकरणात सुरतेचा स्वभाव इतक्या थोडक्यात दुसऱ्या कुठल्याही चिन्हाने पकडलेला नाही.

या जादूचं नाव इमेजमॅजिक. फुकट मिळतं, आणि फुकट गोष्टीत काहीतरी खोट असणार हा व्यापारी संशय इथे पार चुकतो. जॉन क्रिस्टी नावाच्या गृहस्थांनी १९८७ मध्ये ते लिहायला घेतलं, ते अमेरिकेतल्या ड्यू पाँट कंपनीत नोकरी करताना. वरिष्ठांची मागणी साधी होती: कॉम्प्युटरवर तयार केलेली रंगीत चित्रं ज्या पडद्याला एका वेळी २५६च रंग दाखवता येतात त्यावर दाखवा. १९९० च्या ऑगस्टमध्ये क्रिस्टींनी हे काम जगाला मोफत देऊन टाकलं आणि कंपनीनेही हक्क सोडले. आता ड्यू पाँट कोण? १९३५ साली ज्यांच्या प्रयोगशाळेत नायलॉन जन्मलं, ते. म्हणजे सुरत ज्या कृत्रिम धाग्यांवर उभी आहे त्यांच्यातल्या थोरल्या भावाचं आणि त्या साडीचा फोटो लहान करणाऱ्या प्रोग्रामचं घराणं एकच निघालं. सोयरीक इतकी सरळ असूनही शेठला हे सांगितलं तेव्हा त्याने एवढंच विचारलं, “उनका माल किस मार्केट में मिलता है?”

खरी गंमत मात्र वेगाची नाही, दराची आहे. फोटो छोटे करायचा दर नगावर असतो. पेंटवाला पोरगा दोन दिवस खपून हजार फोटो देतो आणि शेठ न कुरकुरता पैसे मोजतो, कारण पोराचे डोळे लाल झालेले त्याला दिसतात. कमांडवाला तेच हजार फोटो शेठचा चहा संपेपर्यंत देतो. शेठ आधी खूश होतो. मग त्याच्यातला व्यापारी जागा होतो.

“इतनी जल्दी हो गया?”

“हो शेठ.”

“तो फिर पैसा किस बात का?”

या प्रश्नाला अर्थशास्त्रात उत्तर आहे, रिंग रोडवर नाही. तिथे कष्टाला भाव आहे. अकलेला भाव असला तरी तो फक्त शेठच्या अकलेला. म्हणून मार्केटातल्या हुशार पोरांनी स्वतःचं एक शास्त्र बसवलं आहे. काम सकाळी अकराला करून टाकायचं आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी द्यायचं. मधल्या वेळात क्रिकेट बघायचं, ते मात्र मान खाली घालून आणि कपाळावर आठी ठेवून. शेठ वर डोकावलाच तर त्यासाठी ‘व्हर्बोज’ नावाचा पर्याय आहे. तो कमांडला जोडला की प्रत्येक फोटोमागे पडद्यावर एक ओळ उमटते: अमुक फाइल, ६०००×४००० ची ८००×५३३ झाली, इतके सेकंद लागले. काळ्या पडद्यावरून पांढऱ्या ओळींचा धबधबा कोसळताना पाहिला की शेठ पायांचा आवाज न करता खाली जातो आणि पोराला चहा पाठवतो. इमेजमॅजिकच्या कर्त्यांनी हा पर्याय चुका शोधण्यासाठी ठेवला असेल. सुरतेत तो पगार टिकवण्यासाठी वापरतात.

आता हुकमाच्या तऱ्हा. कमांड लाइनला तुमचं मन कळत नाही, फक्त अक्षरं कळतात, आणि त्यातही विरामचिन्हं फार कळतात. शाळेत मराठीच्या बाई विरामचिन्हांसाठी अर्धा मार्क कापत तेव्हा आपण हसलो, त्याचा सूड इथे उगवला जातो. ८००×८०० असं नुसतं लिहिलं तर फोटो त्या चौकटीत बसेल इतका लहान होतो, लांबीरुंदीचं प्रमाण जसंच्या तसं राहतं. त्यापुढे उद्गारचिन्ह टाकलं तर प्रोग्रामला वाटतं, मालक हट्टाला पेटले आहेत. तो मग उभा फोटो सरळ दाबून चौरस करतो आणि त्यातली सडपातळ मॉडेल दीडपट रुंद होते. असा कॅटलॉग एकदा बाजारात फिरला म्हणतात. तक्रार एकाही पार्टीने केली नाही; उलट दोघातिघांनी कळवलं, की ह्या बाई आमच्याकडच्या गिऱ्हाइकांसारख्या दिसतात, पुढच्या वेळीही ह्यांनाच घ्या.

‘पेक्षा मोठं’ हे चिन्ह त्याहून तिरपागडं. मापापुढे ते टाकलं की अर्थ होतो: मोठे असतील तेवढेच लहान करा, लहानांना उगाच ताणू नका. फार समंजस सूचना आहे. पण ते चिन्ह अवतरणात गुंडाळलं नाही तर ते इमेजमॅजिकपर्यंत पोहोचतच नाही. काळी खिडकी ते मधेच खाते. तिच्या भाषेत त्याचा अर्थ ‘यातून जे निघेल ते पुढच्या नावाच्या फाइलीत ओता’. मग फोल्डरमध्ये भलत्याच नावाची एक रिकामी फाइल उगवते, लहान फोटो ताणून धुरकट होतात, आणि पोटमाळ्यावर कुणाच्या हाताचा दोष यावर चर्चा सुरू होते. विंडोजवर आणखी एक गमतीचा सापळा आहे. इमेजमॅजिकच्या जुन्या हुकमाचं नाव ‘कन्व्हर्ट’, आणि विंडोजमध्ये त्याच नावाचा एक प्रोग्राम आधीपासून घर करून बसलेला. त्याचं काम हार्ड डिस्कची मांडणी फॅटची एनटीएफएस करण्याचं. साडीचा फोटो बारीक करायला निघालेल्या माणसाला तो डिस्कबद्दल प्रश्न विचारू लागतो. इमेजमॅजिकच्या सातव्या आवृत्तीपासून मुख्य हुकूम ‘मॅजिक’ झाला, तेव्हा कुठे भांडण मिटलं.

‘स्ट्रिप’ नावाचा एक पर्याय फोटोच्या पोटातली माहिती काढून टाकतो: कधी काढला, कोणत्या कॅमेऱ्याने, कुठे. वजन घटतं म्हणून सगळे तो आवडीने लावतात. पण कॅमेरा आडवा धरला होता की उभा, ही चिठ्ठीही त्याच पोटात असते. ती गेली की उभ्या मॉडेल आडव्या पडतात आणि अख्खा कॅटलॉग शवासनात जातो. त्याआधी ‘ऑटो-ओरिएंट’ म्हणायचं असतं. रंगांचा हिशोबही कधी कधी त्याच पोटात असतो. तो गेला की रामा ग्रीन मलूल होतो, राणी कलर आजारी दिसतो. मग गिऱ्हाईक फोटो पाहून एक रंग मागवतं, हातात दुसरा येतो, पार्सल परत येतं आणि शेठ विचारतो, “फोटो छोटा किया तो कलर क्यों छोटा हुआ?” प्रश्न वेडगळ वाटतो, पण तांत्रिकदृष्ट्या तो बिनचूक आहे.

लहान करणं वेगळं आणि कापणं वेगळं, हेही शेठला समजावणं कठीण. चौरस हवा म्हणून फोटो कापायला सांगितला तर प्रोग्राम सांगितलेल्या ठिकाणी कापतो. तिथे पदर आहे की नाक, हे तो पाहत नाही. याचा सर्वात मोठा नमुना सुरत-भुसावळ मार्गावरच आहे. नवापूर स्टेशनाच्या मधोमध दोन राज्यांची सीमा जाते. फलाटाचा एक भाग गुजरातेत, दुसरा महाराष्ट्रात. १ मे १९६० ला मुंबई राज्याचे दोन तुकडे झाले तेव्हा कात्री चालवणाऱ्याने प्रिव्ह्यू पाहिलेला दिसत नाही. प्रवाशांनी मात्र मनावर घेतलं नाही. ते आजही एका राज्यात वडापाव घेतात आणि दुसऱ्यात खातात.

साड्यांचा हंगाम थंडावला की पोटमाळ्यावरची हीच पोरं दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळतात: नोकरीचे फॉर्म भरणारे. बँकभरती करणाऱ्या आयबीपीएसच्या सूचनांत फोटो २०० बाय २३० ठिपक्यांचा आणि २० ते ५० केबीचा हवा असतो. सही १४० बाय ६० ची, १० ते २० केबीची. आपल्या देशात नोकरीच्या खुर्चीत बसण्याआधी माणसाला ५० केबीत बसावं लागतं. इमेजमॅजिकमध्ये ‘इतक्या केबीच्या वर जाऊ नकोस’ असं सांगायची सोय आहे, पण ‘इतक्याच्या खाली येऊ नकोस’ असं सांगायची सोय त्यात नाही. त्यामुळे एखाद्याचा फोटो १८ केबीचा होतो आणि फॉर्म परत येतो. फोटो मोठा म्हणून नाकारलेला उमेदवार समजू शकतो; फोटो हलका म्हणून नाकारलेला उमेदवार रात्रभर छताकडे बघतो. सहीचे हाल तर विचारू नका. आयुष्यभर ऐसपैस सही करणाऱ्याची सही त्या चिंचोळ्या पट्टीत चिरडलेल्या डासासारखी दिसते, आणि पुढे बँकेत अधिकारी झाल्यावर हाच माणूस इतरांच्या सह्या जुळत नाहीत म्हणून चेक परत करतो.

एवढं वजन घटूनही फोटो ओळखू येतो, याचं श्रेय बेंगळुरूला जन्मलेल्या एका माणसाला आहे. नसीर अहमद यांनी १९७२ च्या सुमारास अमेरिकेतल्या नॅशनल सायन्स फाउंडेशनकडे एका गणिती युक्तीसाठी पैसे मागितले. मिळाले नाहीत, एका परीक्षकाला ती कल्पना फारच साधी वाटली. अहमद यांनी टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासह ती १९७४ मध्ये छापली. १९९२ मध्ये जेपीईजीचं प्रमाण ठरलं ते त्याच युक्तीवर: चित्राचे ८×८ ठिपक्यांचे तुकडे पाडायचे आणि माणसाच्या डोळ्याला फरक कळणार नाही असे बारकावे सोडून द्यायचे. पैसे नाकारणाऱ्या त्या परीक्षकाला शेठ भेटला असता तर दोघांचं छान जमलं असतं. काम सोपं दिसलं की पैसे द्यायचे नाहीत, हा नियम अमेरिकेतही चालतो.

सोडून दिलेले बारकावे मात्र परत येत नाहीत, आणि पुन्हा पुन्हा दाबलं तर दर वेळी थोडे आणखी जातात. याचा फायदा कुणी घेतला असेल तर लग्नाळू मुलांनी. धरणगावच्या मुलाचा फोटो बायोडेटासह मामाकडून मावशीकडे, मावशीकडून समाजाच्या ग्रुपवर, तिथून स्क्रीनशॉट होऊन लिंबायतच्या मुलीच्या काकांकडे येतो. तोपर्यंत त्याच्या चेहऱ्यावरचे मुरुमांचे डाग, दाढीचे खुंट आणि कपाळावरचं मागे सरकलेलं रान सगळं गणिताने पुसून टाकलेलं असतं. काका म्हणतात, “पोरगा तेजस्वी दिसतो.” मुलगी बीसीए असते. ती म्हणते, “काका, मूळ फाइल मागवा.”

मूळ फाइल हीच या सगळ्या कारभाराची दुखरी नस आहे. मॉग्रिफाय हा हुकूम, त्याला दुसरं फोल्डर सांगितलं नाही तर, लहान केलेला फोटो मूळ फोटोवरच लिहितो. विचारत नाही. ‘नक्की ना?’ म्हणत नाही. सुरतेत रिक्षावालाही वळण्याआधी एकदा मागे वळून विचारतो; हा नाही. किरकोळ चुकीत एक फोटो जातो, घाऊक चुकीत स्टुडिओचं भाडं, मॉडेलचा दिवस, मेकअपवालीचं मानधन आणि हंगाम असं सगळं ८०० ठिपक्यांचं होऊन बसतं. मग शेठला छापील कॅटलॉगसाठी मोठे फोटो हवे असतात, आणि पोटमाळ्यावर अशी शांतता पसरते की पंख्याचा आवाज मोजता यावा. आता मॉडेलसुद्धा कॉम्प्युटरच बनवून देऊ लागला आहे, त्यामुळे शूटिंग पुन्हा करणं स्वस्त झालं आहे असं काहीजण म्हणतात. पण त्या बनावट बाईला कधी सहा बोटं येतात, कधी पदर दोन्ही खांद्यांवरून येतो, आणि ते फोटोही शेवटी छोटे करावेच लागतात.

तेव्हा या धंद्यात नव्याने येणाऱ्या भाऊबंदांना एवढंच सांगणं. मूळ फोटोंची नक्कल आधी दुसऱ्या डिस्कवर ठेवा. आडवेउभे आधी ठीक करा, पोटातली माहिती मग काढा. तिरपी चिन्हं अवतरणात घाला. हजारांवर हुकूम सोडण्याआधी एका फोटोवर सोडून बघा. आणि सगळ्यात महत्त्वाचं: दर आधी ठरवून घ्या, शक्यतो लेखी घ्या, आणि मगच एंटर दाबा. नंतर शेठला पटवणारी कमांड अजून कुणी लिहिलेली नाही.